वस्तुविक्रीतून निधिसंकलन : युवा मंडळांना ते परवडते का?

भारताच्या विकासप्रक्रियेत युवकांच्या संघटित सहभागाला महत्त्वाचे स्थान आहे. देशाचे पहिले राष्ट्रीय युवा धोरण १९८८ मध्ये आखले गेले. त्यानंतर २००३ आणि २०१४ मध्ये या धोरणाची फेरमांडणी झाली. २००३ च्या धोरणाने १३ ते ३५ वर्षे हा वयोगट युवा मानला होता, तर २०१४ च्या धोरणाने तो १५ ते २९ वर्षे असा निश्चित केला. शिक्षण, कौशल्य, आरोग्य, क्रीडा आणि समाजकार्य या विषयांवर या धोरणांत विस्ताराने विचार झालेला आहे. तथापि, गावातील किंवा वस्तीतील एखादे युवा मंडळ प्रत्यक्षात ज्या प्रश्नापाशी अडते, तो प्रश्न अगदी लहान रकमेचा असतो. व्हॉलीबॉलची जाळी, वाचनालयाची वर्गणी, रक्तदान शिबिराचा मंडप, आंतरजिल्हा स्पर्धेचा प्रवासखर्च यांसाठी लागणारे पाच-दहा हजार रुपये आणायचे कोठून, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे हमखास सुचविले जाणारे उत्तर म्हणजे एखादी वस्तू विकणे. दिवाळीच्या सुमारास पणत्या व उदबत्त्या, नववर्षाच्या तोंडावर दिनदर्शिका व शुभेच्छापत्रे, उन्हाळ्यात सरबते, तर एरवी साबण, वह्या किंवा फराळाची पाकिटे असे या विक्रीचे स्वरूप असते. पुरवठादार माल देतो, मंडळाचे सदस्य तो घरोघरी विकतात आणि मधला नफा मंडळाच्या खात्यात जमा होतो. वरवर पाहता ही योजना स्वावलंबनाची वाटते. परंतु तिचा खर्च, वेळ, जोखीम आणि सामाजिक परिणाम यांचा एकत्र हिशेब मांडल्यास निराळे चित्र दिसते. प्रस्तुत लेखात छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील संदर्भ घेऊन या पद्धतीच्या मर्यादांचा आणि तिच्या पर्यायांचा विचार केला आहे.

रायपूरची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत या प्रदेशाचा कारभार नागपूर या राजधानीतून चालत असे. त्यामुळे तात्यापारा, चौबे कॉलनी अशा भागांतून मराठी कुटुंबे आणि त्यांचे सार्वजनिक जीवन रुजले. गणेशोत्सव, व्याख्याने, क्रीडास्पर्धा यांसाठी वर्गणी काढण्याची रीत या शहराला नवी नाही. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ येथे १९६४ पासून कार्यरत आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना, शाळांतील स्काउट व गाइड पथके, राष्ट्रीय छात्रसेना, वस्त्यांमधील क्रीडामंडळे आणि गणेशोत्सव समित्या असे युवक संघटनांचे अनेक प्रकार शहरात आढळतात.

यांपैकी राष्ट्रीय सेवा योजनेसारख्या उपक्रमांना शासकीय निधीचा आधार आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली. १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रांची सुरुवात झाली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र शासनाने ‘मेरा युवा भारत’ या स्वायत्त संस्थेचा आरंभ केला. छत्तीसगड शासनाने २०२१ मध्ये ‘राजीव युवा मितान क्लब’ योजना सुरू केली होती. ‘मितान’ म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जिवलग मित्र; छत्तीसगढी समाजजीवनातील ही एक हृद्य प्रथा आहे. या योजनेत ग्रामपंचायत आणि नगरातील प्रभाग पातळीवर क्लब स्थापून प्रत्येकाला तिमाहीस २५ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख रुपये देण्याची तरतूद होती. डिसेंबर २०२३ मधील सत्तांतरानंतर हा निधी थांबविण्यात आला.

या घटनाक्रमातून विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा बोध असा की, अनुदान हा युवा मंडळाचा कायमचा आधार असू शकत नाही. धोरण बदलले की अनुदान बदलते. अनुदान आटले की मंडळाला स्थानिक निधीकडे वळावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी वस्तुविक्रीचा मार्ग सर्वांत सोपा भासू लागतो. म्हणूनच तो प्रत्यक्षात किती फायद्याचा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

हिशेब काय सांगतो?

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, रायपूरमधील एका मंडळात २५ सदस्य आहेत. दिवाळीपूर्वी मंडळ शोभिवंत पणत्यांचे ५०० डबे प्रत्येकी ४५ रुपये दराने विकत घेते. विक्रीची किंमत ६० रुपये आहे. न विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पुरवठादाराची अट आहे. वाहतूक व छपाई यांवर १,००० रुपये खर्च होतो. प्रत्येक सदस्याच्या वाट्याला २० डबे येतात आणि ते खपविण्यासाठी त्याचे सरासरी १२ तास खर्ची पडतात.

सर्व ५०० डबे विकले गेल्यास :
विक्री ३०,००० रुपये. मालाची किंमत २२,५०० रुपये. इतर खर्च १,००० रुपये. शिल्लक ६,५०० रुपये.

४०० डबे विकले गेल्यास :
विक्री २४,००० रुपये; मालाची किंमत २२,५०० रुपये; इतर खर्च १,००० रुपये; शिल्लक ५०० रुपये.

३९० डबे विकले गेल्यास :
विक्री २३,४०० रुपये. एकूण खर्च २३,५०० रुपये. तोटा १०० रुपये.

या उदाहरणावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे, ना नफा ना तोटा ही स्थिती गाठण्यासाठीच ३९२ डबे, म्हणजे एकूण मालाच्या सुमारे ७८ टक्के विक्री करावी लागते. मंडळासाठी खरी कमाई त्यानंतर सुरू होते. दुसरी म्हणजे, सर्व माल खपला तरी ग्राहकाने दिलेल्या ६० रुपयांपैकी केवळ १३ रुपये मंडळाच्या कार्यासाठी उरतात. ‘मुलांना मदत म्हणून’ ६० रुपये देणाऱ्या गृहिणीला ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. तिसरी म्हणजे, २५ सदस्यांचे एकूण ३०० तास खर्च होऊन उत्तम परिस्थितीतही ताशी २२ रुपयांपेक्षा कमी उत्पन्न होते. ४०० डबेच विकले गेले, तर हाच आकडा ताशी दोन रुपयांच्याही खाली जातो.

आता याची दुसरी बाजू पाहू. हेच ६,५०० रुपये थेट देणगीतून उभे करायचे असतील, तर १३० घरांनी प्रत्येकी ५० रुपये दिले तरी पुरे. त्यासाठी माल साठवावा लागत नाही, भांडवल अडकत नाही आणि तोट्याची जोखीम राहत नाही.

प्रमुख तोटे

१. संधी खर्च. अर्थशास्त्रात एखादा पर्याय निवडल्यामुळे ज्या सर्वोत्तम दुसऱ्या पर्यायाला मुकावे लागते, त्याच्या मूल्याला संधी खर्च म्हणतात. मंडळाच्या ताळेबंदात सदस्यांचा वेळ कोठेच दिसत नाही; म्हणून तो फुकट आहे असा समज होतो. वस्तुतः ते ३०० तास सराव, अभ्यासिका, वृक्षसंगोपन किंवा वस्तीतील मुलांच्या शिकवणीसाठी उपयोगी पडले असते. ज्या कार्यासाठी निधी हवा, त्याच कार्याचा वेळ निधी मिळविण्यात जावा, हा या पद्धतीतील मूलभूत अंतर्विरोध आहे.

२. जोखमीचे असमान वाटप. न विकलेला माल परत न घेण्याच्या अटीमुळे बाजारातील सर्व अनिश्चितता मंडळावर येऊन पडते. पुरवठादाराचा नफा माल उचलताक्षणीच निश्चित होतो. विक्रेते नेमण्याचा, त्यांना वेतन देण्याचा आणि दुकान थाटण्याचा त्याचा खर्चही वाचतो. अशा व्यवहारात युवा मंडळ हे लाभार्थी कमी आणि बिनपगारी वितरण यंत्रणा अधिक ठरते.

३. आर्थिक विषमतेचे प्रतिबिंब. प्रत्येकाला सारखाच कोटा देणे वरकरणी न्याय्य वाटते. परंतु शंकरनगरसारख्या सुस्थित भागातील विद्यार्थ्याचे वीस डबे नातेवाईक आणि वडिलांच्या कार्यालयातील सहकारी एका संध्याकाळी घेऊन टाकतात. बिरगाव-उरला पट्ट्यातील कामगार वस्तीत राहणाऱ्या मुलाच्या ओळखीच्या घरांना ६० रुपयांची अनावश्यक खरेदी परवडणारी नसते. मग उरलेले डबे त्याच्या आईवडिलांनाच घ्यावे लागतात किंवा तो मुलगा मंडळात येणेच थांबवितो. कोणी किती विकले याची यादी फळ्यावर लागली की ही विषमता सर्वांसमोर उघडी पडते. ज्या सदस्याला मंडळाची गरज सर्वाधिक, तोच अशा रीतीने बाहेर फेकला जातो. आर्थिक तोट्यापेक्षा हा तोटा अधिक गंभीर मानावा लागेल.

४. स्थानिक विक्रेत्यांशी स्पर्धा. मंडळाने दारोदार कारखान्यातील पणत्या विकल्या, तर तेवढी खरेदी गोलबाजारातील फेरीवाल्याकडून किंवा कुंभाराकडून कमी होते. समाजासाठी पैसा उभारताना त्याच समाजातील दुर्बल घटकाचे उत्पन्न घटावे, हा या व्यवहाराचा अनपेक्षित बाह्य परिणाम होय.

५. सद्भावनेची झीज. घेणारा वस्तूची गरज म्हणून नव्हे, तर संकोचापोटी खरेदी करतो. ‘नाही’ म्हणणे त्याला अवघड जाते, कारण समोर शेजाऱ्याचा मुलगा उभा असतो. पहिल्या वर्षी तो कौतुकाने घेतो, दुसऱ्या वर्षी नाइलाजाने आणि तिसऱ्या वर्षी दार उघडण्याचे टाळतो. मंडळाने वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास अशा प्रकारे खर्ची पडतो. शिवाय, डबा विकत घेतला की आपले कर्तव्य संपले अशी भावना निर्माण होते. वर्गणी देणारा मनुष्य वर्षअखेरीस ‘पैशाचे काय केले?’ असे विचारतो. डबा घेणारा तसे विचारत नाही. कार्याशी जोडला गेलेला हितचिंतक आणि एकवेळचा ग्राहक यांत हा फरक आहे.

६. सुरक्षितता व कायदेशीर बाबी. अल्पवयीन मुलांनी अनोळखी घरी रोकड घेऊन फिरणे धोक्याचे असते. खाद्यपदार्थ विकायचे झाल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील तरतुदी लागू होतात. तात्पुरता ठेलाही त्याला अपवाद नाही. विक्री वाढावी म्हणून ‘लकी ड्रॉ’ची कूपने काढण्याचा मोह अनेक मंडळांना होतो, परंतु राज्य शासनाच्या परवानगीविना लॉटरी चालविणे हा गुन्हा आहे. तसेच, प्राप्तिकरातील सवलत ही मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीसाठी असते. वस्तूच्या मोबदल्यात दिलेली किंमत ही देणगी ठरत नाही.

परदेशातील अनुभव

या विषयातील सर्वांत मोठे आणि जुने उदाहरण अमेरिकेतील गर्ल स्काउट संघटनेच्या बिस्किटविक्रीचे आहे. १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी येथील एका पथकाच्या मुलींनी स्वतः बिस्किटे भाजून ती शाळेच्या उपाहारगृहात विकली. प्रारंभी मुली आणि त्यांच्या माता घरीच हे काम करीत. १९३० च्या दशकात व्यापारी बेकऱ्यांकडून बिस्किटे बनवून घेण्यास सुरुवात झाली आणि १९३६ मध्ये राष्ट्रीय संघटनेने बेकऱ्यांना परवाने देण्याची पद्धत स्वीकारली. आज ही विक्री कोट्यवधी डॉलरांची आहे. मात्र मिळणाऱ्या किमतीतून बेकरीचा खर्च आणि प्रादेशिक परिषदेचा वाटा वजा जाता प्रत्यक्ष विक्री करणाऱ्या पथकाकडे लहानसाच हिस्सा राहतो.

या पद्धतीतील जोखीम महासाथीच्या काळात विशेषत्वाने प्रकट झाली. २०२१ च्या हंगामात सुमारे दीड कोटी पुडे न विकता पडून राहिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी डिसेंबर २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने इंडोनेशिया व मलेशियातील पामतेलाच्या मळ्यांवरील बालमजुरीवर प्रकाश टाकला आणि ते तेल या बिस्किटांच्या पुरवठा साखळीपर्यंत पोहोचत असल्याचे दाखविले. मुलींच्या विकासासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या निर्मितीत दुसऱ्या देशातील मुलांचे बालपण खर्ची पडत असेल, तर त्याची जबाबदारी कोणाची? विकणाऱ्या मंडळाला मालाच्या उगमावर कोणतेही नियंत्रण नसते, ही बाब या प्रश्नामुळे ठळक होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रारंभी मुलींनी स्वतःच्या श्रमाने केलेली वस्तू होती. पुढे वस्तू दुसऱ्याची झाली आणि श्रम केवळ विकण्याचे उरले. हेच स्थित्यंतर आपल्याकडेही घडताना दिसते.

‘खरी कमाई’चा मूळ अर्थ

महाराष्ट्रातील स्काउट-गाइड पथकांत ‘खरी कमाई’ हा शब्द सर्वपरिचित आहे. ब्रिटनमधील स्काउटांनी १९४९ मध्ये ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताह सुरू केला. ‘बॉब’ म्हणजे एक शिलिंग. शेजाऱ्याची बाग झाडणे, बूट चकचकीत करणे, लाकडे फोडणे असे छोटे काम करून त्याबदली एक शिलिंग घ्यावयाचा, अशी ती कल्पना होती. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकीकरणातून स्थापन झाली आणि श्रमातून मिळविलेल्या पैशाची हीच कल्पना येथे ‘खरी कमाई’ या अर्थपूर्ण नावाने रुजली.

या नावातच तिचे शैक्षणिक मूल्य आहे. मुलाने श्रम केले, त्या श्रमाचे मोल कोणीतरी दिले आणि ते त्याने पथकाच्या कार्यासाठी अर्पण केले, असा हा क्रम आहे. पुढे अनेक शाळांत या उपक्रमाला खाद्यपदार्थांच्या ठेल्यांचे रूप आले. मुलांनी स्वतः भेळ कालवली, हिशेब ठेवला, उष्टी भांडी धुतली, तर तेथेही शिक्षण आहेच. परंतु पदार्थ आईने केले, भांडवल वडिलांनी दिले आणि ग्राहकही पालकच झाले, तर पैसा घरातून निघून शाळेत फिरून येतो. त्यात कमाई उरत नाही. बाजारातून घाऊक पाकिटे आणून विकली तर ‘खरी’ हे विशेषणही गळून पडते.

याच संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणले. तेथे विद्यार्थी शेतात राबत आणि स्वतःच्या शिक्षणाचा भार उचलत. ते उत्पादन करीत होते. दुसऱ्याच्या मालाचे हस्तक झाले नव्हते. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा.

दानाची लोकपरंपरा

वस्तू न विकताही युवक निधी उभारू शकतात, याचा उत्तम दाखला छत्तीसगडच्या लोकजीवनातच आहे. पौष पौर्णिमेला तेथे ‘छेरछेरा’ हा सण साजरा होतो. खरिपाचे धान घरात येऊन कोठ्या भरलेल्या असतात. अशा वेळी मुले, तरुण-तरुणी टोपल्या व झोळ्या घेऊन घरोघर जातात आणि प्रत्येक घरातून ओंजळभर, सूपभर धान त्यांच्या झोळीत पडते. त्या दिवशी मागणाऱ्याला कमीपणा नसतो आणि देणाऱ्याला अहंकार नसतो. श्रीमंताचे मूलही मागावयास निघते. जमलेल्या धान्यातून सामूहिक भोजन किंवा गावाचे एखादे काम पार पडते. भांडवल शून्य, माल शिल्लक राहण्याचा प्रश्न नाही आणि दिलेले सर्व धान्य ठरलेल्या कामी येते, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्येकाने यथाशक्ती द्यावे, हे तिचे तत्त्व कोट्याच्या पद्धतीच्या नेमके विरुद्ध आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात याला समांतर असे उदाहरण ‘पैसा फंडा’चे आहे. स्वदेशी चळवळीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक देशबांधवाकडून वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योगांना साहाय्य करण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. स्वयंसेवकांनी जमविलेल्या या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला. देणाऱ्याला मोबदल्यात कोणतीही वस्तू मिळत नव्हती. मिळत होता तो एका राष्ट्रीय कार्यातील वाटा. रक्कम नाममात्र ठेवल्यामुळे गरिबातील गरीबही त्यात सहभागी होऊ शकत होता.

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन आणि २ ऑक्टोबरपासून सुरू होणारी क्षयरोग सील मोहीम यांचाही येथे विचार करता येईल. १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनी नागरिकाला कागदी ध्वज मिळतो. पण त्याला बाजारमूल्य नसते. ते केवळ देणगीचे चिन्ह असते. म्हणून दिलेली जवळपास सर्व रक्कम कार्यापर्यंत पोहोचू शकते. मात्र अशा चिन्हांचाही सक्तीचा कोटा ठरविला, तर ती पुन्हा विक्रीच होते आणि उरलेल्या तिकिटांचे पैसे शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला पदरचे भरावे लागतात.

वस्तुविक्रीची जमेची बाजू

संतुलित विवेचनासाठी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वस्तुविक्रीतून मुलांचा बुजरेपणा जातो, अनोळखी माणसाशी बोलण्याचा सराव होतो, जमाखर्च लिहिण्याची सवय लागते, असे तिचे समर्थक सांगतात. यात तथ्य आहे. काही ठिकाणी लोक रोख देणगी देण्यास नाखूश असतात. वस्तूच्या निमित्ताने ते हात सैल सोडतात, हेही खरे. शिवाय थेट वर्गणीची पद्धत निर्दोष आहे असेही नाही. उत्सवांच्या काळात रस्ता अडवून किंवा दुकानदाराला धमकावून घेतलेली वर्गणी ही वर्गणी नसून खंडणी असते, हे नागरिकांनी अनेकदा अनुभवले आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, ती याच कारणास्तव.

परंतु संभाषणकौशल्य किंवा जमाखर्चाची सवय यांसाठी परक्या मालाची विक्री अपरिहार्य नाही. आपल्या मंडळाचे कार्य अनोळखी माणसाला समजावून सांगून त्याच्याकडून देणगी मिळविणे हे साबण विकण्यापेक्षा अवघड आणि म्हणूनच अधिक शिकविणारे आहे. कारण तेथे वस्तूच्या आड लपता येत नाही. आपण काय करतो, हेच सांगावे लागते.

पर्याय आणि दक्षता

वरील विवेचनाच्या आधारे युवा मंडळांना पुढील मार्ग सुचविता येतील.

पहिला मार्ग म्हणजे पारदर्शक वर्गणी. वर्षातून एकदाच, ठरलेल्या उद्दिष्टासाठी आणि ठरलेल्या रकमेपुरते आवाहन करावे. छापील क्रमांकाची पावती द्यावी आणि काम झाल्यावर हिशेब सूचनाफलकावर लावावा. पूर्वी लहान देणग्या गोळा करणे कष्टाचे व खर्चिक होते. २०१६ मध्ये यूपीआय ही देयप्रणाली सुरू झाल्यापासून दहा-वीस रुपयांची देणगीही थेट बँक खात्यात जमा होऊ शकते. त्यामुळे रोकड हाताळण्याचा धोका कमी झाला असून प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप राहते. मात्र खाते कोणा एका पदाधिकाऱ्याच्या नावे नसून मंडळाच्या नावे असावे.

दुसरा मार्ग श्रमाधिष्ठित निधीचा. रद्दी संकलन, रोपवाटिका, सायकल दुरुस्ती, वृद्धांना अर्ज भरण्यास साहाय्य अशा सेवांच्या मोबदल्यात ऐच्छिक देणगी स्वीकारावी. यात भांडवल अल्प लागते आणि समाजाला उपयुक्त सेवा मिळते. १४ वर्षांखालील मुलांना मात्र कमाईच्या कामाला जुंपले जाऊ नये. त्यांचा सहभाग शिक्षणापुरता आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली असावा.

तिसरा मार्ग संस्थात्मक साहाय्याचा. छत्तीसगड सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ अन्वये नोंदणी करून नियमित लेखापरीक्षण करणाऱ्या मंडळास अन्य निधिस्रोत खुले होतात. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार विहित निकषांत बसणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावयाची असते. रायपूरलगतच्या उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांचे सान्निध्य लक्षात घेता तेथील मंडळांनी नोंदणीकृत संस्थांच्या सहकार्याने या दिशेने प्रयत्न करण्यास वाव आहे.

इतके असूनही एखाद्या मंडळाने विक्रीचाच मार्ग पत्करला, तर काही दक्षता घ्याव्यात. न विकलेला माल परत घेण्याची लेखी हमी असल्याखेरीज माल उचलू नये. कोटा ठरवू नये आणि सदस्यांच्या विक्रीची तुलना जाहीर करू नये. किमतीपैकी किती रक्कम मंडळाला मिळणार, हे वेष्टनावर किंवा पत्रकावर स्पष्ट लिहावे. वस्तू न घेता केवळ देणगी देण्याचा पर्याय प्रत्येक वेळी द्यावा. शक्य तेथे स्थानिक कुंभार, विणकर किंवा महिला बचत गट यांचा माल घ्यावा, म्हणजे मधला नफा तरी गावातच राहील.

समारोप

निधी हे युवा मंडळाचे साधन आहे, साध्य नव्हे. म्हणून निधिसंकलनाच्या कोणत्याही पद्धतीचे मूल्यमापन करताना चार प्रश्न विचारले पाहिजेत. दात्याच्या रुपयातील किती पैसे कार्यापर्यंत पोहोचतात? सदस्यांचा किती वेळ खर्ची पडतो? तोटा झाल्यास तो कोण सोसतो? आणि सर्वांत गरीब सदस्याला या पद्धतीत मानाने सहभागी होता येते काय? परक्या वस्तूंची विक्री या चारही कसोट्यांवर उणी पडते. याउलट छेरछेराच्या टोपलीत आणि पैसा फंडाच्या एका पैशात या प्रश्नांची उत्तरे आपल्या समाजाने फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत. ओंजळभर धान देणाऱ्या घराला ते कशासाठी वापरले जाणार, हे माहीत असते आणि मागणाऱ्या मुलाला कोणाच्या घरून किती आले, याची यादी करावी लागत नाही. युवकांच्या संघटना याच विश्वासावर उभ्या राहतात. तो डब्यागणिक विकून संपविण्याजोगा नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. संधी खर्च ही संकल्पना युवा मंडळाच्या निधिसंकलनाच्या संदर्भात सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘खरी कमाई’ आणि परक्या मालाची विक्री यांतील फरक सांगा.
३. छेरछेरा व पैसा फंड यांतील समान तत्त्वांची चर्चा करा.
४. ‘शासकीय अनुदान हा स्वयंसेवी युवा कार्याचा कायमस्वरूपी आधार होऊ शकत नाही.’ या विधानाचे परीक्षण करा.